बगळ्याचा आवाज मागे पडला नव्हता

फेब्रुवारीत सेन्सेई गेले. लंडनच्या हॅरोपासून थोड्या अंतरावरच्या क्रिमेटोरियमच्या लहान हॉलमध्ये आम्ही मोजकी माणसं जमलो होतो. त्यांची मुलगी बोलायला उभी राहिली. टोकियोच्या सहकाऱ्यांनी पाठवलेला निरोप तिने आधी जपानीत आणि मग आमच्यासाठी इंग्रजीत वाचला. त्यात म्हटलं होतं की आपला आवाज पडद्यावरच्या ओठांच्या मागे पडू लागलाय हे सेन्सेईंच्या लक्षात आलं, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत त्यांनी भूमिका सोडली. थांबायचं कधी, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो, असा निरोपाचा शेवट होता. लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी बायको डोळे पुसत होती. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

त्या निरोपातली एक गोष्ट खोटी आहे. सेन्सेईंचा आवाज मागे पडला नव्हता. हे दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला, आणि त्या हॉलमध्ये मी एकटा उरलो होतो.

आधी माझ्याविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. माझा आवाज चांगला होता. साठच्या दशकात मुंबईत मी माहितीपटांना मराठी निवेदन देत असे. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी धरणं, देवीची लस, संकरित बियाणं असल्या विषयांवरचे छोटे चित्रपट दाखवत. लोक तेव्हा बाहेर खारे शेंगदाणे घेत उभे असत, पण आत आवाज माझा असे. बायकोने मला बघण्याआधी माझा आवाज ऐकला होता. बघायच्या कार्यक्रमात मी "नमस्कार" म्हटलं आणि ती चमकून म्हणाली, "भाक्रा धरणातले तुम्हीच का?" लग्न तिथेच ठरलं असं ती नंतर सांगायची.

तिला इंग्लंडातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली म्हणून आम्ही कॉव्हेंट्रीला आलो, काही वर्षांनी हॅरोला. मी टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. आवाजाचं काम म्हणाल तर कौन्सिलसाठी मधुमेहावरची एक कॅसेट केली, आणि एका हॉस्पिटलच्या फोनवर "हिंदीसाठी दोन दाबा" हे वाक्य माझं होतं. माझं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं वाक्य तेच. लोक तेही पूर्ण ऐकत नसत, मध्येच दोन दाबत.

निवृत्तीनंतर घराजवळच्या एका लहान रेकॉर्डिंग स्टुडिओत मी मदतीला जाऊ लागलो. मालक इंग्रज, माझ्याहून बराच तरुण. म्युझियममध्ये कानाला लावून ऐकायची माहिती निरनिराळ्या भाषांत रेकॉर्ड करणं, हा त्याचा मुख्य धंदा. भाषा बोलणारी माणसं येत, मी त्यांना पाणी देई, माइक लावून देई, डेस्कवर बसे. तिथे सेन्सेई आले. सेन्सेई म्हणजे जपानीत गुरुजी; त्यांची टोकियोतली माणसं त्यांना तसं म्हणत, म्हणून आम्हीही.

जपानमध्ये कार्टूनला आवाज देणं हा नटाचा पूर्णवेळ पेशा असतो. सेन्सेई तरुणपणापासून तेच करत आलेले. नदीकाठी चहाचं दुकान चालवणारा एक चिडका बगळा होता, लहान मुलांच्या मालिकेतला. ती मालिका दर आठवड्याला लागे आणि एक पिढी मोठी होऊन तिची मुलंसुद्धा ती बघत होती. बगळ्याचा आवाज पहिल्यापासून सेन्सेईंचा. बायको वारल्यावर ते हॅरोला मुलीकडे राहायला आले, पण टोकियोवाल्यांना दुसरा बगळा नको होता. म्हणून अशी सोय झाली की दर गुरुवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, सेन्सेईंनी आमच्या स्टुडिओत उभं राहायचं, आणि खास टेलिफोन लाइनवरून त्यांचा आवाज थेट टोकियोच्या स्टुडिओत जायचा. चित्राची टेप आधीच आलेली असे. इथली आणि तिथली एकाच क्षणी सोडायची.

पहिल्या गुरुवारी ते वेळेच्या बऱ्याच आधी आले. बुटका माणूस, पांढरे केस नीट मागे वळवलेले. रेकॉर्डिंग बूथच्या दारात थांबून ते आत कुणीही नसताना वाकले. घड्याळ काढून ठेवलं, खिशातली नाणी काढून ठेवली. अंगात जुना मऊ सुती स्वेटर होता, कारण माइकला कापडाची सळसळ ऐकू येते. येताना ते भात खाऊन आले होते, पोट गुरगुरू नये म्हणून. संहितेच्या पानांचे कोपरे घरूनच दुमडून आणले होते. पान उलटताना इतकासा आवाज होत नसे. मी हेडफोन लावून मुद्दाम ऐकायचा प्रयत्न केला.

मग त्यांनी एक विनंती केली. इंग्रजी त्यांना तोडकंमोडकं येई. म्हणाले, आमच्याकडे एकटं कुणी बोलत नाही. सगळे नट एका खोलीत ओळीने उभे असतात, माइक थोडे आणि माणसं जास्त, आपलं वाक्य आलं की पुढे व्हायचं, संपलं की आवाज न करता मागे सरून दुसऱ्याला जागा द्यायची. शेजारी माणूस नसेल तर मला श्वास कुठे घ्यायचा कळत नाही. कुणीतरी माझ्याशेजारी उभं राहील का?

मालकाने माझ्याकडे बघितलं. अशा रीतीने मी दर गुरुवारी एका जपानी बगळ्याच्या शेजारी उभा राहू लागलो. माझ्यासमोर दुसरा माइक ठेवला होता, दिसायला नीट दिसावं म्हणून. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

त्यांना तसं काम करताना बघणं म्हणजे काय हे मी नाइलाजाने सांगतो. आवाज घशातून येतच नसे, गुडघ्यातून वर चढत असे. बगळा रागावला की त्यांची मान लांब होई. वाक्य संपताक्षणी ते अर्धं पाऊल मागे सरत, टोकियोतल्या माणसाला जागा द्यायला. कधी त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागे आणि ते मला वाकून नमस्कार करत, जणू मीही त्यांच्यातलाच एक नट होतो. मला ते फार लागे. मनात येई, ह्या माणसाला आयुष्यात एकदाही दुसऱ्यांची पत्रं वेगळी करत बसावं लागलं नाही. माझा आवाज याच्याहून खर्जातला आहे, मोकळा आहे, आणि मी बिनवायरच्या माइकसमोर उभा आहे.

तरी मीच त्यांना घरी जेवायला बोलावलं. माणूस एकटा होता आणि बायको मागे लागली होती. त्यांनी वरण-भात-तूप कालवून खाल्लं, हाताने, न सांगता. बायको दर दोन वाक्यांमागे मला "अहो" म्हणत होती. "अहो, त्यांना पापड द्या", "अहो, बघता काय". सेन्सेईंना वाटलं माझं नाव अहो. ते मला अहोसान म्हणू लागले, सान म्हणजे आपल्याकडचं राव. बायकोने हसून त्यांना समजावून सांगितलं, तरी त्यांनी नाव बदललं नाही. म्हणाले, इतक्या प्रेमाने हाक मारतात ते नाव बदलून कसं चालेल.

मग बायकोने लिंबाचं लोणचं पुढे केलं आणि सेन्सेईंनी ते बगळ्याच्या आवाजात मागितलं. जपानीत. एक शब्द कळला नाही, पण बगळ्याला लोणचं हवंय, मागायला लाज वाटतेय आणि लाज वाटते म्हणून राग येतोय, हे सगळं कळलं. बायको टेबल धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं. तशी हसलेली मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

ते गेल्यावर भांडी विसळताना ती म्हणाली, "काय आवाज आहे हो माणसाचा."

"माझाही होता," मी म्हटलं.

"तुमचा धरणावर खर्च झाला," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. तिने गमतीनेच म्हटलं होतं. मी पुसलेली ताटली पुन्हा पुसत राहिलो.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने आणखी एक केलं. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो आणि कार्यक्रमाचं निवेदन मी करतो. ते माझंच काम, इतकं माझं की पत्रिकेत छापायचीही गरज पडत नसे. इतर दिवशी मी कोण आहे हे कुणाला माहीत नसे, पण त्या संध्याकाळी पुण्याहून कामासाठी आलेली कॉम्प्युटरवाली तरुण मंडळीसुद्धा माझा आवाज आला की बोलणं थांबवत. बायकोने कमिटीला सांगून सेन्सेईंना पाच मिनिटं दिली. त्यांनी माइकसुद्धा घेतला नाही. एक म्हातारी दार उघडते, मांजर आत घुसतं, किटली उकळायला लागते, म्हातारीला शिंक येते, सगळं नुसत्या तोंडाने. बस. एवढंच. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. आणखी एक, आणखी एक, असं चाललं होतं, आणि पुढचा कार्यक्रम सांगायला मी पडद्याजवळ माइक घेऊन उभा होतो. शेवटी मी "आणि आता" म्हटलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "थांबा ना काका, त्यांना होऊ द्या."

पुढे महिनाभर दुकानात, देवळात, ट्रेनमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला एकच विचारत होता, तुमचे ते जपानी पाहुणे पुढच्या वर्षी येणार ना? मी सगळ्यांना हो म्हणत होतो. हेवा म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं असं नाही. पण तो असा दाताच्या ठणक्यासारखा, जेवताना, चालताना, देवापुढे हात जोडल्यावरही चालू राहतो, हे नवीन होतं.

त्याच शरद ऋतूत मालकाने स्टुडिओतला खोक्यासारखा जुना टीव्ही काढून चपटा नवा टीव्ही भिंतीला लावला. तेव्हा ते नुकतेच सगळीकडे येत होते. लावल्यावर त्याने मला नीट समजावलं. हे नवे टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात. डोळ्याला कळणार नाही इतकं, पण डबिंगमध्ये तेवढ्याने फरक पडतो. नट चित्र बघून बरोबर बोलला तरी त्याचा आवाज खऱ्या चित्राच्या मागे पडेल. म्हणून आपली टेप तेवढी आधी सोडायची. किती फ्रेम, म्हणजे चित्राचे किती तुकडे, आधी सोडायचं तो आकडा डेस्कवर टाकायचा, की ते आपोआप होईल. वीज बंद केली की आकडा पुसला जातो, तेव्हा दर गुरुवारी आठवणीने टाक.

पहिल्या गुरुवारी मी खरोखर विसरलो. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, जरी आता त्याला काही किंमत नाही. काम संपल्यावर आठवलं. टोकियोहून फोन येईल, मालक ओरडेल असं वाटलं. काहीच झालं नाही. कोपऱ्यात काढून ठेवलेल्या जुन्या टीव्हीवर मी इथली टेप सेन्सेईंच्या रेकॉर्ड झालेल्या आवाजासकट परत लावून पाहिली. बगळ्याची चोच मिटायची आणि मग त्याचं वाक्य संपायचं. अगदी केसभर. एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखं.

पुढच्या गुरुवारी मला आकडा आठवत होता. मी डेस्कजवळ गेलो, बोट बटणावर ठेवलं आणि उचललं. त्यानंतरच्या गुरुवारी बोटही ठेवलं नाही.

आज विचार केला तर वाटतं, एकानेही सरळ विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण टोकियोतली सगळी माणसं सेन्सेईंच्या हाताखाली शिकलेली. गुरूला "तुम्ही उशिरा बोलताय" म्हणायचं कुणी? त्यांनी गुपचूप सेन्सेईंची वाक्यं मशिनवर पुढे सरकवून जागेवर बसवली आणि दर वेळी लाइनवर म्हटलं, फार छान झालं. त्यांच्या अदबीमुळे आणि माझ्या जळफळाटामुळे हे महिनोन् महिने चाललं. सेन्सेईंनाही शंका यायचं कारण नव्हतं. लाइनवरून येणारे इतरांचे आवाज तसेही किंचित मागे असत, त्याची त्यांना सवय होती. पडद्याकडे बघून ते बोलत होते ते अगदी बिनचूक होतं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. चोच उघडली की शब्द, मिटली की शांतता. मला तेही सहन होत नव्हतं आणि ते तिकडे मागे पडून पोचतंय याचं मनातून बरंही वाटत होतं.

मग एका सकाळी काम संपलं आणि टोकियोकडचं कुणीतरी लाइन बंद करायला विसरलं. सेन्सेईंच्या कानावर हेडफोन होते. ते घड्याळ हातात घालत होते. घालता घालता थांबले. तिकडे दोन तरुण पोरं आपसात बोलत होती, माझ्याही हेडफोनमध्ये ऐकू येत होतं. एक जण थोडा हसला, वाईट नव्हे, दमलेलं हसू. सेन्सेईंनी हेडफोन काढून हुकला लावले, अगदी हळू. पानं गोळा केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या पानांचा आवाज झाला.

मी विचारलं, काय झालं?

ते म्हणाले, तिकडे म्हणत होते, आजही सेन्सेईंचं सगळं सरकवावं लागणार. मग बराच वेळ ते भिंतीवरच्या काळ्या टीव्हीकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना कळलं. पण ते माझ्याकडे वळले.

"अहोसान, तुम्ही आवाजाचे माणूस आहात. दर आठवड्याला माझ्याजवळ उभे असता. तिकडची मुलं मला खरं सांगणार नाहीत. तुम्ही सांगा. मी उशिरा बोलतो का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. माझ्या सबंध आयुष्यात मला कुणी "तुम्ही आवाजाचे माणूस आहात" असं म्हटलं नव्हतं. आणि ते ऐकून मी म्हणालो, "थोडं."

त्यांनी वाकून माझे आभार मानले. खरं सांगितल्याबद्दल.

त्याच आठवड्यात त्यांनी टोकियोला कळवलं. भूमिका त्यांच्याच एका शिष्याकडे गेली, जो वर्षानुवर्षं त्याच मालिकेत बेडूक, वारा, गिऱ्हाईक असं पडेल ते करत आला होता. मी काही दिवस खूश होतो. हे लिहिताना हात अडतो, पण होतो. सकाळी उठून दाढी करताना जुनी निवेदनं म्हणून बघत असे. मालकाने बूथमधला दुसरा माइक काढून कपाटात ठेवला.

बायको विचारू लागली, सेन्सेई जेवायला का येत नाहीत. मी म्हटलं, वय झालं, दमले असतील. तिने फोन करून त्यांना बोलावलं. ते आले, जेवले, वरणाचं कौतुक केलं. तिने मुद्दाम लोणचं पुढे ठेवलं. त्यांनी चमच्याने घेतलं आणि साध्या आवाजात इंग्रजीत थँक यू म्हणाले. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी आणायला उठलो.

माझी खुशी संपली ती रस्त्यावर. मी हाय स्ट्रीटवरून येत होतो आणि पलीकडे सेन्सेई झेब्रा क्रॉसिंगशी उभे दिसले. त्यांना बघून एक गाडी थांबली. ड्रायव्हरने हात करून या म्हटलं. ते उभेच. दुसऱ्या बाजूचीही गाडी थांबली. ते डावीकडे बघत, उजवीकडे बघत, पुन्हा डावीकडे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. शेवटी त्यांनी हाताने गाड्यांना जायला सांगितलं, माफी मागितल्यासारखं वाकले आणि मागे सरले. अर्धं पाऊल. तसंच.

मी धावत पलीकडे गेलो. ते ओशाळून म्हणाले की आजकाल ते स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. गाडी थांबली असं दिसतं, पण मला उशिरा दिसत असेल तर? मुलीची गाडी चालवणंही त्यांनी सोडलं होतं. जिन्यावरून उतरताना पाय टेकला की नाही हे दोनदा बघत होते. मी त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. तो हात हलका होता, काडीसारखा, आणि मी तो धरून चाललो होतो जसं काही मी त्यांच्यावर उपकार करत होतो.

तरी सांगायला माझे आणखी कितीतरी दिवस गेले. ते काही पश्चात्तापात वगैरे गेले नाहीत. ते भीतीत गेले. बायकोला कळलं तर काय, मंडळात कळलं तर काय. शेवटी वसंतात एका सकाळी त्याच क्रॉसिंगसमोरच्या बाकावर मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. टीव्ही, आकडा, बटणावरून उचललेलं बोट. आणि तो "थोडं". कारणही सांगितलं. म्हटलं, मला तुमचा हेवा वाटत होता. इंग्रजीत तो शब्द फारच लहान वाटला.

ते रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं ते मारतील, किंवा रडतील. त्यांनी विचारलं, "किती फ्रेम?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मांडीवर बोटांनी काहीतरी ताल धरला, ओठ हलवले, आवाज न करता. जुनं एखादं वाक्य म्हणून बघत असावेत. मग मान हलवली. तिकडे सरकवलेली वाक्यं आणि हा आकडा, त्यांचा हिशोब जुळला होता.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले.

"अगदी बरोबर."

"मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच. त्यांचा आवाज चढला नाही.

मी म्हटलं, मी आजच टोकियोला फोन करून सगळं सांगतो. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, भूमिका आता ज्याच्याकडे आहे तो खूप वर्षं मागच्या माइकवर उभा राहिला आहे. तुम्ही सांगितलंत तर ते लोक त्याला काढून मला बोलावतील आणि तो आनंदाने मागे सरेल. मला ते नको. मी असेपर्यंत सांगू नका. मग ते उठले, क्रॉसिंगशी गेले, एक गाडी थांबली, आणि ते मागे न बघता सरळ रस्ता ओलांडून गेले. मी बाकावरच राहिलो. शिष्याचा विचार त्यांना एका क्षणात सुचला होता, आणि त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, हे मला का सुचत नाही. त्याचाही मला हेवा वाटला.

त्यानंतर ते आमच्या घरी कधी आले नाहीत. नवीन वर्षाला बायकोच्या नावाने कार्ड येई. त्यावर माझं नाव नसे. तिला वाटे मीच काहीतरी वेडंवाकडं बोललो असेन, आणि ती मला अधूनमधून विचारे. मी उडवून लावत असे. त्यांनी घातलेली ती अट मला सोयीचीच पडली, हे खोटं बोलून लपवण्यात आता अर्थ नाही. वर्षं गेली. मी त्यांना रस्त्यात बघत असे. ते वाकत, मी वाकत असे.

क्रिमेटोरियममध्ये तो निरोप ऐकला तेव्हा कळलं की त्यांनी मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर मी आधी बायकोला सांगितलं. ती ऐकून घेत होती. मध्ये एकदाच बोलली, "आणि मी त्यांच्यापुढे लोणचं ठेवत राहिले." त्या रात्री आणि पुढे बरेच दिवस तिने मला अहो म्हटलं नाही. काही हवं असेल तर नुसतं सांगे.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या मुलीकडे गेलो. ती इथे प्राथमिक शाळेत शिकवते. स्वयंपाकघरात तिने चहा पुढे ठेवला आणि मी बोलत असताना तो तसाच गार झाला. मी संपवल्यावर तिने उठून तो चहा सिंकमध्ये ओतला. परत येऊन तिने विचारलं, "ते कधीही उशिरा नव्हते? एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग हे त्यांना सांगायला हवं, अंकल. टोकियोत. आता सांगायला हरकत नाही, बाबांची अट संपली." ती म्हणाली, लिहून नको. तिथे सगळे आवाजाची माणसं आहेत, ते ऐकून ओळखतील खरं की खोटं. तिने ड्रॉवरमधून शाळेचा छोटा रेकॉर्डर आणला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

मी इंग्रजीत बोललो. माझं नाव सांगितलं, त्यांच्याशेजारी उभा असायचो हे सांगितलं, टीव्हीचं सांगितलं, मी त्यांना काय उत्तर दिलं ते सांगितलं. शेवटी म्हटलं की सेन्सेई प्रत्येक वाक्य चोच उघडताना बोलले आणि मिटताना थांबले, आणि हे मी शेजारून पाहिलं आहे. तिने बटण बंद केलं.

माझा आवाज टोकियोला जाणार होता, त्याच स्टुडिओत, आणि तिथली माणसं तो शेवटपर्यंत ऐकणार होती, मध्येच काही न दाबता. हे माझ्या मनात आलं. येऊ नये ते आलंच. मी तिला म्हटलं, सुरुवातीला माझा श्वास जरा जोरात आला, आणि मध्ये एकदा आवाज घोगरा झाला. पुन्हा एकदा घ्यायचं का?

तिने रेकॉर्डर उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"नको, अंकल," ती म्हणाली. "असंच जाऊ दे."